सालेहाबीचा नवसागर

सालेहाबी मूळची लोह्याची. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती उदगीरला आली, जलील कल्हईवाल्याच्या घरात. आल्यावर तिसऱ्या दिवशी सासूनं तिच्या हातात भाता दिला. पुढची चौदा वर्षं, मुलगी जोहरा झाली ते दिवस सोडून, ती भाता मारत होती. त्या काळात तिला कुणी काही विचारलं नाही आणि तिनंही कुणाला काही सांगितलं नाही.

आमचं दुकान बाजारातल्या चौबाऱ्याजवळ. माझे वडील वीरण्णा, ज्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, तांब्या-पितळेची भांडी विकायचे. दुकानाच्या पत्र्याच्या सावलीत जमिनीत एक खड्डा होता, त्यात कोळसा, आणि त्या खड्ड्यापाशी हे नवरा-बायको. गिऱ्हाईक पितळेचं पातेलं विकत घ्यायचं आणि चार पावलांवर त्याला कल्हई करून घ्यायचं, कारण कल्हई नसलेल्या पितळेत ताक ठेवलं की कळकतं.

काम दिसायला सोपं. पातेलं निखाऱ्यावर फिरवून तापवायचं, चिमूटभर नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी टेकवायची. ती पाण्यासारखी पाघळली की कापसाच्या बोळ्यानं आतून एक हात फिरवायचा. पातेलं चांदीचं झाल्यासारखं दिसायचं. मग ते पाण्यात बुडवायचं. सगळी मेख नेमक्या क्षणाला होती. लवकर हात फिरवला तर कथील गोळ्या-गोळ्यांनी चिकटायचं. उशीर झाला तर काळं पडायचं. तो क्षण जलीलला कळायचा. सालेहाबीला भाता कळायचा.

बहात्तरच्या दुष्काळात हे बंद पडलं. मी तेव्हा तीन वर्षांची, त्यामुळे हा भाग अप्पांनी सांगितलेला. त्या साली लोक भांडी घ्यायला येत नव्हते, विकायला येत होते. पातेलं गार करायला बादलीभर पाणी लागतं, आणि बादलीभर पाण्यासाठी माणसं दोन कोस चालत होती. जलीलनं पंधरा दिवस भांडी वाऱ्यावर गार करून पाहिली. पुढं करायला भांडीच उरली नाहीत. मग दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले.

चौथ्या महिन्यात दगडाची कपची जलीलच्या उजव्या डोळ्यात गेली. तो डोळा गेला. काही महिन्यांत डावाही मंदावत विझला. डॉक्टर म्हणाले, एका डोळ्याचं दुखणं कधी कधी दुसरा डोळा धरतो. जलीलनं विचारलं, त्याला काय गरज होती? डॉक्टरांनी थेंबांची बाटली लिहून दिली.

त्र्याहत्तरला पाऊस झाला. पोळ्यानंतर एके सकाळी सालेहाबीनं पत्र्याखालचा खड्डा उकरून साफ केला. जलीलला हाताला धरून आणून पोत्यावर बसवलं आणि सांडशी स्वतःच्या हातात घेतली. बाजारातल्या दोघा-तिघांनी अप्पांना विचारलं, बाईमाणूस कल्हई करणार का? अप्पा म्हणाले, "खडी फोडली तवा कुणी इचारलं न्हाई." विषय संपला.

तो क्षण मात्र तिला कळत नव्हता. पहिलं पातेलं आमच्याच घरचं होतं. ते काळं पडलं. आईनं ते पुढं कोंबड्यांना पाणी ठेवायला वापरलं.

दुसऱ्या पातेल्याच्या वेळी जलील पोत्यावरूनच म्हणाला, "अब."

तिनं हात फिरवला. पातेलं उजळलं.

त्याला दिसत नव्हतं, पण नवसागराचा वास येत होता. तो तिखट वास नाकात किती शिरला यावरून भांडं किती तापलंय हे त्याला कळायचं. अडचण एकच होती. वारा उलटा असला की वास त्याच्यापर्यंत उशिरा यायचा, "अब" उशिरा यायचं आणि पातेलं काळं पडायचं. मग सालेहाबी रोज सकाळी चिमूटभर राख वर उडवून वारा बघायची आणि त्याप्रमाणे जलीलचं पोतं हलवायची. कधी तो दुकानाच्या पायरीशी, कधी रस्त्याच्या कडेला, आणि एकदा तर वारा असा फिरला की तो दिवसभर समोरच्या किराणा दुकानात बसला होता. त्या दिवशी "अब" रस्ता ओलांडून येत होतं. बैलगाडी मधे आली की सालेहाबी थांबायची.

मी पाच-सहा वर्षांची झाले तेव्हापासूनचं मला आठवतं. पांढरा धूर, "अब", आणि कापूस फिरल्याचा सर्र असा आवाज. काही वर्षांनी अप्पांच्या लक्षात आलं की तिचा हात आधी हलतो आणि "अब" नंतर येतं. फरक अर्ध्या श्वासाचा. त्यांनी एकदा जलील नमाजाला गेलेला असताना तिला विचारलं.

"सालेहाबी, तुला आता कळतंय ना समदं?"

"कळतंय की."

"मग त्याला कशाला वारा बघून बसवतीस?"

तिनं सांडशी पुसली. "त्यान्ला बी काम पायजे की अप्पा," ती म्हणाली.

अप्पा गल्ल्याकडे वळले. 

पुढं स्टील आलं. आधी वाट्या, मग ताटं, मग पातेली. स्टीलमध्ये ताक कळकत नाही, त्यामुळे स्टीलला कल्हई लागत नाही. एक्क्याऐंशी साली अप्पांनी पत्र्याखालच्या जागेत स्टीलचे डबे मांडायचं ठरवलं. हे सालेहाबीला कसं सांगावं याचा त्यांनी आठवडाभर विचार केला. आठव्या दिवशी ते दुकानात आले तर खड्डा बुजवलेला होता आणि वर शेण सारवलेलं होतं. सालेहाबी कन्या शाळेच्या भिंतीपाशी नवा खड्डा उकरून बसली होती. तिथं सावली बरी आहे, इतकंच ती म्हणाली.

त्या कन्या शाळेत मी होते. पुढच्या वर्षी, म्हणजे ब्याऐंशीच्या ऑगस्टात, आमचा लातूर जिल्हा झाला. तोवर आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात होतो. शाळेत साखर वाटली. भूगोलाच्या बाईंनी नकाशावर शाईनं नवी हद्द काढली. ती पहिल्याच पावसात भिंतीच्या ओलीनं पसरली आणि निलंगा बराच मोठा झाला.

त्याच वर्षी आम्हाला विज्ञानाला महानंदाबाई आल्या. नांदेडला शिकलेल्या, नव्या, आणि पुस्तकात लिहिलेलं सगळं खरं आहे असं मानणाऱ्या. आठवीचा धडा होता पदार्थाच्या अवस्थांचा. त्यांनी आम्हा बेचाळीस मुलींना पटांगणात उभं केलं आणि म्हणाल्या, तुम्ही कण आहात.

आधी आम्ही स्थायू झालो. खांद्याला खांदा लावून सरळ रांगांत उभं राहायचं, जागच्या जागी हलायचं पण जागा सोडायची नाही. मग द्रव झालो. एकमेकींना धरूनच राहायचं पण घसरत पुढं-मागं जायचं. मग बाई म्हणाल्या, "आता तुम्ही वायू. कुठंही जा, कुणाला धरू नका." सहा मुली फाटकातून बाहेर गेल्या. त्यांतल्या दोघी घरी पोहोचल्या आणि दुसऱ्या दिवशी आल्या.

सालेहाबी हे भिंतीपलीकडून बघत होती. तिच्याकडे त्या दिवशी एकही भांडं नव्हतं. फाटकाशी पोरी गोळा करायला बाई आल्या तेव्हा तिनं विचारलं, "बाई, पोरी कामून पळवून राहिल्या?"

बाईंनी सांगितलं. प्रत्येक वस्तू बारीक कणांची असते. स्थायूत ते जागेवर थरथरतात, द्रवात सरकतात, वायूत सुटे होतात.

सालेहाबीनं खड्ड्यातला विझलेला कोळसा उचलला. "ह्यो बी थरथरतो?"

"हो."

"तुमी बगितलं?"

"नाही. ते दिसत नाहीत."

"बरं," सालेहाबी म्हणाली. बाई पुढं वर्षानुवर्षं सांगायच्या की बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत त्यांना इतकं अवघडल्यासारखं वाटलं नव्हतं.

बाईंना मात्र त्या खड्ड्यापाशी असलेली दुसरी एक वस्तू हवी होती. धड्यात संप्लवनाचा प्रयोग होता. काही पदार्थ तापवले की द्रव न होता थेट वायू होतात आणि गार झाले की थेट स्थायू. उदाहरण अमोनियम क्लोराइडचं. शाळेच्या प्रयोगशाळेत, म्हणजे मोठ्या बाईंच्या खोलीतल्या कपाटात, त्या नावाची बाटली होती. आत खडूचे तुकडे होते. आणि अमोनियम क्लोराइड म्हणजे नवसागर.

त्या दिवसापासून बाई रोज मधल्या सुट्टीत भिंतीपाशी जाऊ लागल्या. मीही जायचे, कारण सालेहाबी मला लहानपणापासून ओळखत होती. बाई नवसागर मागायच्या आणि बदल्यात कण द्यायच्या. एकदा त्यांनी वासाचं सांगितलं. वास येतो म्हणजे त्या वस्तूचे कण सुटून, हवेतल्या कणांना धडका देत, आपल्या नाकापर्यंत येतात.

सालेहाबीचा हात थांबला. "वारं नसलं तरी येतेत?"

"नसलं तरी येतात. सावकाश येतात. वारा असला की त्याच्याबरोबर जातात."

तिनं नवसागराची चिमूट नाकाशी धरली. मग पोत्यावर बसलेल्या जलीलकडे वळून म्हणाली, "सुने क्या जी? नवसागर तुम्हारी नाक में आता. खुद नवसागर. बारीक हो के."

"तो फिर?" जलील म्हणाला. "मैं क्या झूठ बोलता था?"

बाईंना मात्र तिनं त्या दिवशी सांगितलं, "हे वासाचं म्या मानलं. कोळशाचं अजून न्हाई."

दिवाळीनंतर नव्या जिल्ह्याच्या ऑफिसातून तपासणीला साहेब येणार असं कळलं. किशनराव त्यांचं नाव. नव्या जिल्ह्यात कोणत्या शाळेत काय आहे याची नवी नोंद करायची होती, आणि आमच्या शाळेत प्रयोगशाळा आहे असं जुन्या कागदांत लिहिलेलं होतं. मोठ्या बाईंनी आपली खोली रिकामी केली, दारावर खडूनं 'प्रयोगशाळा' लिहिलं आणि महानंदाबाईंना सांगितलं, काहीतरी करून दाखवा.

साहेब आले. बारीक अंगाचे, हातात नवं कोरं रजिस्टर. आम्ही भिंतीला टेकून उभ्या होतो. बाईंनी चिनी मातीच्या बशीत नवसागर घेतला, वर काचेचं नरसाळं उपडं ठेवलं, खाली स्पिरिटचा दिवा लावला. बशी तडकेल म्हणून वात बारीक ठेवली. काही झालं नाही. पाच मिनिटांनीही काही झालं नाही. साहेबांनी घड्याळात पाहिलं. बाईंनी वात एकदम मोठी केली आणि बशीचे दोन तुकडे झाले.

खिडकीशी सालेहाबी उभी होती. जादा नवसागराची पुडी तिच्यापाशी होती. ती आत आली आणि कुणाकडे न बघता मला म्हणाली, "जगदेवी, माजी शेगडी आन."

मी शेगडी आणली. तिनं निखाऱ्यावर खापराचा तुकडा ठेवला, फुंकर मारून आच बघितली, आणि मगच नवसागर टाकला. नरसाळं उपडं धरलं, त्याच्या नळीत कल्हईचा कापूस कोंबला आणि वरून ओला फडका गुंडाळला. मग थांबली. नरसाळ्यात पांढरा धूर भरला, गरगरला, आणि काचेवर आतून पिठासारखा बसू लागला. तिनं नरसाळं उचलून साहेबांपुढं धरलं. आमच्यापैकी कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं, एक तर कौतुकानं आणि दुसरं म्हणजे खोलीभर नवसागर होता.

"या कोण?" साहेबांनी खोकत विचारलं.

मोठ्या बाईंच्या तोंडून निघून गेलं, "आमच्या प्रयोगशाळा परिचर."

साहेबांनी रजिस्टर उघडलं. पहिलं पान. तिचं नाव विचारलं, शाईनं लिहिलं. पुढं लिहिलं, 'परिचर. काम उत्तम.' मग त्यांना स्वतःलाच उत्सुकता वाटली असावी.

"हे वर काय जमलं?"

"नवसागर."

"खाली काय ठेवलं होतं?"

"नवसागर."

"मग मधे काय झालं?"

"धूर झाला. पानी झालं न्हाई."

"पाणी का झालं नाही?"

"त्येला पान्याची वाट न्हाई. कण सुटे होऊन वर जातेत. गार जागा घावली की पुन्यांदा खांद्याला खांदा लावून बसतेत." ती जरा थांबली. "कण दिसत न्हाईत. बाईंनी सांगितलं, म्या मानलं."

साहेबांनी मान हलवली. त्यांनी रजिस्टर मिटलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. पण सालेहाबी म्हणाली, "आन साहेब, म्या परिचर न्हाई. म्या कल्हईवाली हाय. भिंतीपलीकडं बसते. आज भांडं नव्हतं म्हून आले."

मोठ्या बाई खुर्चीवर बसल्या.  साहेबांनी पानाकडे पाहिलं. नव्या जिल्ह्याचं नवं रजिस्टर, पहिलं पान, आणि त्यावर ठसठशीत अक्षरात सालेहाबी जलील. खोडलं तर पहिल्याच पानावर खाडाखोड, आणि न खोडलं तर खोटी नोंद. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग त्यांनी 'परिचर' या शब्दाआधी एक काकपद घातलं, वर बारीक अक्षरात 'नियोजित' लिहिलं, आणि खाली एक ओळ वाढवली की या शाळेस परिचराचं पद मंजूर व्हावं.

"चौथी पास पाहिजे," जाताना ते म्हणाले. "तेवढं करून घ्या."

सालेहाबी लोह्याला दोन इयत्ता उर्दू शिकली होती. पण अडचण ती नव्हती. महानंदाबाई चौथीची पुस्तकं घेऊन गेल्या तेव्हा तिनं ती परत केली.

"म्या शाळंत आले तर ह्ये दिसभर काय करतील?" ती म्हणाली. "नगं."

बाईंनी हे मला सांगितलं, मी अप्पांना. अप्पा दुकान बंद करून जलीलकडे गेले. सालेहाबी तेव्हा कोळसा आणायला गेली होती. मी अप्पांच्या बरोबर होते, त्यामुळे हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

अप्पांनी फार फिरवून फिरवून सुरुवात केली. तुझ्यामुळं ती अडलीय असं त्यांना म्हणायचं होतं, पण ते बाहेर येत नव्हतं. जलीलनं थोडा वेळ ऐकून घेतलं.

"अप्पा," तो म्हणाला, "मला ठावं हाय. तिला माजी गरज न्हाई. सात वर्सं झाली."

"तुला कसं कळलं?"

"डोळं गेले, कान हायत की. कापूस आधी वाजतो. माजं 'अब' मागून येतं."

"मग तू बोलत कामून राहिलास?"

"ती वारं बघून बसवायची ना मला. म्या बोललो न्हाई तर तिला वाटलं असतं, मला कळलंय." त्यानं पोतं सारखं केलं. "तिला बरं वाटतं म्हून बोलायचो."

 परत येऊन दुकानाच्या पायरीवर चढताना अप्पा म्हणाले, "लई येडी माणसं हायत." आणि उपरण्यानं तोंड पुसलं. उन्हाळा नव्हता.

दुसऱ्या दिवशी जलीलनंच बायकोला सांगितलं. नेमकं काय बोलणं झालं ते कुणाला माहीत नाही. दोन दिवस दोघं भिंतीपाशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सालेहाबी एकटीच शाळेत आली आणि महानंदाबाईंकडे हात पुढं करून म्हणाली, "पुस्तकं द्या."

तिला मराठी वाचायला मी शिकवलं. उर्दूच्या सवयीनं ती पान उजवीकडून धरायची आणि मी डावीकडून, त्यामुळे पहिला महिना पुस्तक मधोमध फाटत गेलं. परीक्षेत एक प्रश्न होता, 'तुमच्या जिल्ह्याचे नाव लिहा.' तिनं 'नांदेड' लिहिलं. मी बाहेर आल्यावर तिला रागावले. ती म्हणाली, "लोहं नांदेडातच हाय. माजा जिल्हा तोच. ह्यो सासरचा हाय." तो गुण गेला. बाकीच्यात ती पास झाली.

पदाची मंजुरी यायला दीड वर्ष लागलं, आणि ती आली. चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये सालेहाबी कामाला लागली. तिनं पहिल्या दिवशी कपाटातल्या सगळ्या बाटल्या काढून प्रत्येकीत काय आहे ते वास घेऊन, चिमूट तापवून, पाण्यात टाकून पाहिलं. एकोणीस बाटल्यांपैकी सात बाटल्यांत नावाप्रमाणे वस्तू होती. बाकी बारांवर तिनं नव्या चिठ्ठ्या लावल्या. एकीवर लिहिलं होतं, 'खडू'. दुसरीवर, 'बाईंनाही माहीत नाही'.

जलीलनं चराटं वळायला सुरुवात केली. त्या कामाला डोळे लागत नाहीत. अप्पांनी ती दुकानात स्टीलच्या डब्यांशेजारी टांगली आणि ती खपली, कारण विहिरीला दोर लागतोच. दुपारच्या सुट्टीत सालेहाबी डबा घेऊन त्याच्याकडे जायची. नव्वद साली तो तापानं गेला. ती चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी आली तेव्हा आठवीचा तोच धडा चालू होता, आणि तिनं शेगडी पेटवून दिली.

कोळशाचे कण थरथरतात हे तिनं शेवटपर्यंत मानलं नाही. मुलींना मात्र ती सांगायची की पेपरात तसंच लिहा.

ती निवृत्त झाली तेव्हा मी त्याच शाळेत मराठी शिकवत होते. निरोप समारंभात तिला दोन शब्द बोला म्हटलं. ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "तिसरा खण चावीनं उघडत न्हाई. आधी वर उचलायचा, मंग चावी फिरवायची." आणि बसली. तिच्या जागी आलेल्या बाईनं ते वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं सालेहाबी मुलीकडे, जोहराकडे, नायगावला, म्हणजे आपल्या नांदेड जिल्ह्यात गेली.